पे, पगार आणि फेड

गेल्या महिन्याच्या बैठकीत एक गंमत झाली. हप्ते जमा करायचं काम चाललं होतं. एकीनं मोबाईल पुढे केला आणि म्हणाली, "ताई, माझा हप्ता सकाळीच पे केलाय, बघून घ्या." आमच्या गटातल्या सगळ्यात थोरल्या आजी भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "पे म्हंजी काय गं?" आम्ही म्हटलं, "पैसे देणं, आजी." आजी म्हणाल्या, "मग दिलं म्हणा की. हे पे कुठनं आलं?"

सगळ्या हसल्या. पण प्रश्न काही खोटा नव्हता. किराणा दुकानात, दूध डेअरीवर, एसटीत, दवाखान्यात, जिकडे जावं तिकडे आता ‘पे’ ऐकू येतं. इंग्रजीचं एक अक्षरही न शिकलेली बाई दिवसातून चार वेळा ‘पे करते’ म्हणते. मग हा शब्द आला कुठून, त्याचा मूळ अर्थ काय, हे आम्ही शोधायचं ठरवलं. तालुक्याच्या कॉलेजच्या वाचनालयात जाड शब्दकोश आहेत, ते उघडून बसलो. जे सापडलं ते आज तुम्हाला सांगतो, कारण ते फक्त शब्दाबद्दल नाही, आपल्या गटाबद्दलही आहे.

‘पे’ या शब्दाचा उगम पैशात नाही, तो शांततेत आहे. दोन हजार वर्षांपूर्वी इटलीत रोमन लोकांचं मोठं राज्य होतं. त्यांची भाषा लॅटिन. लॅटिनमध्ये ‘पॅक्स’ म्हणजे शांतता, तह. त्यावरून ‘पाकारे’ हे क्रियापद झालं, म्हणजे शांत करणं. भांडण मिटवलं, समोरच्याचा राग घालवला, की ‘पाकारे’. शाळेत भूगोलात आपण ‘पॅसिफिक’ महासागर शिकलो, तोही याच घराण्यातला शब्द. १५२० साली मॅगेलन हा दर्यावर्दी त्या समुद्रात पोचला तेव्हा त्याला पाणी संथ लागलं, म्हणून त्यानं तसं नाव दिलं. मराठीत आपण त्याला ‘प्रशांत’ म्हणतो.

आता शांत करण्याचा आणि पैसे देण्याचा संबंध काय? ज्याचे पैसे आपल्याकडे अडकलेत तो माणूस अस्वस्थ असतो. त्याची रक्कम हातात पडली की तो शांत होतो. त्यामुळे पुढच्या काळातल्या लॅटिनमध्ये ‘सावकाराला शांत करणं’ म्हणजेच ‘देणं देऊन टाकणं’ असा अर्थ रुळला.

सावकार शांत झाला नाही तर काय होई, हेही त्याच रोमच्या कायद्यात दिसतं. इसवी सनापूर्वी साडेचारशेच्या सुमारास रोमनांनी आपले कायदे बारा पाट्यांवर लिहून चौकात लावले. त्यात लिहिलं होतं, की कर्ज कबूल झाल्यावर ऋणकोला ३० दिवसांची मुदत मिळेल. तेवढ्यात पैसे दिले नाहीत तर सावकारानं त्याला धरून न्यावं आणि ६० दिवस बेडीत ठेवावं. त्या काळात लागोपाठ तीन बाजारांच्या दिवशी त्याला सगळ्यांसमोर उभं करून कर्जाची रक्कम मोठ्यानं सांगावी, म्हणजे कुणाला दया आली तर तो पुढे होऊन भरेल. कुणीच आलं नाही, तर त्याला टायबर नदीपलीकडे गुलाम म्हणून विकता येई. मैत्रिणींनो, बाजाराच्या दिवशी चारचौघांत कर्जाचा आकडा ओरडून सांगायचा, हे ऐकताना आमच्या अंगावर काटा आला. कर्जापायी माणसाला बांधून घालण्याची ही पद्धत रोमनांनी पुढे इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात कायद्यानं बंद केली.

रोमचं राज्य गेलं, पण लॅटिनच्या पोटी बऱ्याच भाषा जन्मल्या. फ्रेंच ही त्यातली एक. फ्रेंचमध्ये ‘पाकारे’चं ‘पेये’ झालं. १०६६ साली फ्रान्सच्या नॉर्मंडी भागाचा सरदार विल्यम यानं इंग्लंड जिंकलं आणि तिथल्या दरबारात फ्रेंच बोलली जाऊ लागली. कोर्ट, टॅक्स, रेंट असे कारभाराचे शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत आले. त्यांच्यामागून १२०० सालच्या आसपास ‘पे’ही आला. गंमत म्हणजे सुरुवातीला इंग्रजीत त्याचे दोन्ही अर्थ चालत. एखाद्यावर खूष असणारा माणूस स्वतःला ‘पेड’ म्हणवायचा, म्हणजे समाधानी. समाधानाचा अर्थ पुढे गळून पडला आणि नुसता पैसा उरला.

मग ‘पे’ येण्याआधी इंग्रज लोक काय म्हणत असतील? त्यांचा जुना शब्द आज ‘यील्ड’ या रूपात जिवंत आहे. कृषी सहायक आपल्याला विचारतात ना, "सोयाबीनचं एकरी यील्ड किती आलं?" तोच हा शब्द. पूर्वी त्याचा अर्थ होता देणं चुकवणं. आता त्याचा अर्थ जमिनीनं आपल्याला दिलेलं पीक असा झालाय. या शब्दाच्या मुळापासून आणखी दोन शब्द निघाले, आणि ते दोन्ही आम्हाला फार मोलाचे वाटले.

पहिला शब्द ‘गिल्ड’. गिल्ड म्हणजे वर्गणी काढून चालवलेली मंडळी. जुन्या काळी इंग्लंडच्या गावागावांत असे गट होते. सगळे जण ठरलेली वर्गणी द्यायचे. एखादा आजारी पडला, कुणाची चूल बंद झाली, कुणाच्या घरी मयत झाली, तर त्या पेटीतून मदत व्हायची. त्यातल्या बऱ्याच गटांत बायकाही सभासद असायच्या. ऐकून तुम्हाला काय आठवलं? आम्हाला तर आपली पेटी आणि आपली नोंदवहीच आठवली.

दुसरा शब्द ‘डेनगेल्ड’. समुद्रापलीकडून डेन लोकांच्या टोळ्या जहाजांतून यायच्या, गावं लुटायच्या, जाळायच्या. ९९१ साली इंग्लंडच्या राजानं त्यांना १०,००० पौंड चांदी देऊन परत पाठवलं. लोकांना वाटलं, गेली एकदाची पीडा. पण तीनच वर्षांनी, ९९४ साली, टोळ्या पुन्हा आल्या आणि १६,००० पौंड घेऊन गेल्या. १००२ साली २४,००० द्यावे लागले. १०१२ साली ४८,०००. दर वेळी आकडा वाढत गेला आणि शांतता काही टिकली नाही. या चांदीसाठी शेतकऱ्यांवर जमिनीप्रमाणे पट्टी बसली. त्या पट्टीला पुढे ‘डेनगेल्ड’ हे नाव पडलं.

म्हणजे बघा, शब्दाचं मूळ एक, पण देणं दोन तऱ्हांचं. गिल्डमध्ये आपण आपल्या माणसांना देतो आणि गरजेला ते आपल्यामागे उभं राहतं. डेनगेल्डमध्ये भीतीपोटी देतो, आणि घेणारा पुढच्या वेळी जास्त मागायला येतो.

हे वाचताना आम्हाला आमच्याच एका बहिणीची आठवण झाली. गेल्या वर्षी ती लागोपाठ दोन बैठकांना आली नाही. नवऱ्याच्या ऑपरेशनला तिनं गटाकडून कर्ज घेतलं होतं, आणि तेवढ्यानं भागलं नाही म्हणून एका खासगी कंपनीकडूनही घेतलं होतं. कंपनीचा वसुलीवाला दर आठवड्याला ओट्यावर येऊन बसायचा. शेजारणींच्या देखत रक्कम बोलायचा. ती त्याला आधी द्यायची. त्याला द्यायला कमी पडले म्हणून तिनं दुसऱ्या कंपनीचं कर्ज काढलं. गटाचा हप्ता राहिला, आणि हप्ता राहिला म्हणून लाजेनं ती बैठकीला येईना.

आमच्यातल्या काही जणी चिडल्या होत्या. "आपल्याला तेवढं बुडवते, त्यांना बरोबर देते," असं बोलणं झालं. पण खरं कारण साधं होतं. दारात बसणाऱ्याची भीती होती, आणि आपल्या गटाची भीती नव्हती. भीती नसावी हेच तर बरोबर आहे. मग आम्ही चौघी तिच्या घरी गेलो. तिच्या घरी बसून सगळ्या देण्यांचा एकत्र हिशोब मांडला. बैठकीत ठराव घेतला, की सोयाबीन विकेपर्यंत तिनं गटाचा हप्ता निम्मा द्यावा आणि दंड माफ करावा. दुसऱ्या कंपनीचं कर्ज आधी संपवायचं आणि नवं कुठलंच काढायचं नाही, असंही तिच्याकडून कबूल करून घेतलं. पुढच्या बैठकीला ती आली आणि दाराजवळच बसली. आजींनी तिला हाताला धरून मध्ये बसवलं.

आता शांत करण्याची दुसरी बाजू सांगतो. देणाऱ्यालाही शांतता लागते. "मी दिलेत" आणि "मला मिळाले नाहीत" ही भांडणं आपल्याला नवीन नाहीत. इंग्लंडच्या सरकारी खजिन्यात यावर शेकडो वर्षं एक युक्ती वापरात होती. हेझल नावाच्या झाडाची काठी घ्यायची. रक्कम दाखवायला तिच्यावर खाचा पाडायच्या. १,००० पौंडांची खाच तळहाताच्या जाडीइतकी, १०० ची अंगठ्याइतकी, २० ची करंगळीइतकी आणि एका पौंडाची जवाच्या टपोऱ्या दाण्याइतकी. मग काठी उभी चिरून दोन भाग करायचे. एक भाग पैसे भरणाऱ्याकडे, दुसरा खजिन्यात. पुढे वाद झालाच तर दोन्ही भाग जुळवून बघायचे. खाचा आणि लाकडाच्या रेषा तंतोतंत जुळल्या तरच हिशोब खरा. एकट्यानं खाच वाढवून भागत नसे, आणि ज्याला अक्षर येत नाही त्यालाही बोटानं चाचपून खात्री करता येई.

ही पद्धत १८२६ साली बंद झाली. १८३४ च्या १६ ऑक्टोबरला साठलेल्या जुन्या काठ्या संसदेच्या तळघरातल्या भट्टीत जाळायला घेतल्या, तर आग भडकून संसदेची इमारतच जळाली. तो भाग सोडा. घेण्यासारखी गोष्ट ही, की पुरावा दोघांकडे असेल तर दोघांचं मन निवांत. फोनवर पे केल्यावर येणारा मेसेज हा काठीचा एक भाग. नोंदवहीतली नोंद आणि पासबुकावरची सही हा दुसरा. दोन्ही जुळल्याशिवाय हप्ता भरला असं समजू नका.

आता ‘पे’चे आजचे अर्थही थोडे बघू, कारण मुलांच्या इंग्रजीच्या पुस्तकात ते येतात. इंग्रजीत लक्षही ‘पे’ करतात, म्हणजे लक्ष देतात. कुणाच्या घरी जाणं, तेही ‘पे’. एखादा धंदा ‘पे’ करतो म्हणजे परवडतो. आणि "याबद्दल तुला पे करावं लागेल" असं कुणी रागानं म्हटलं, तर ते पैशाबद्दल नसतं. "याची फळं भोगशील" असा त्याचा अर्थ. चारही ठिकाणी देण्याघेण्याचा धागा आहे. कुणाचं तरी काहीतरी आपल्याकडे निघतं, लक्ष असो, भेट असो, कष्ट असोत, आणि ते पोचतं केलं जातं.

आम्हाला वाटलं होतं, की हा शब्द आपल्याकडे मोबाईलबरोबर आला. तसं नाही. तो त्याच्या आधी, दुसऱ्या वाटेनं येऊन आपल्या घरात कधीचाच नांदतोय. लॅटिनची आणखी एक लेक म्हणजे पोर्तुगीज भाषा. तिच्यात ‘पाकारे’चं झालं ‘पगार’. हो, आपला पगार! पोर्तुगीजमध्ये ‘पगार’ म्हणजे पैसे देणं. १५१० साली पोर्तुगीजांनी गोवा घेतला. वसईचा भाग १५३४ पासून १७३९ पर्यंत त्यांच्याकडे होता. त्यांच्याबरोबर पाव, बटाटा, काजू, चावी, परात, घमेलं हे शब्द आपल्या भाषेत आले, तसाच पगारही आला. म्हणजे ‘पे’ आणि ‘पगार’ या सख्ख्या मावसबहिणी. एक इंग्लंडवरून आली, दुसरी गोव्यावरून. दोघींच्या आईचं नाव शांतता.

मग प्रश्न पडतो, पगार हातात पडल्यावर बाईचं मन शांत होतं का?

ज्या इंग्लंडनं हा शब्द घडवला, तिथेच बघू. १८७० पर्यंत तिथल्या कायद्यानं लग्न झालेल्या बाईची कमाई नवऱ्याची धरली जायची. तिनं गिरणीत राबायचं, पण पैसा कायद्यानं त्याचा. १८७० च्या कायद्यानं पहिल्यांदा तिची मजुरी तिच्या मालकीची झाली.

तिची झाली, पण पुरुषाइतकी झाली नाही. १९६८ च्या जून महिन्यात लंडनजवळ डॅगनमला फोर्ड मोटारींच्या कारखान्यात १८७ बायकांनी मशीन बंद केली. त्या गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवायच्या. कंपनीनं त्यांचं काम बिनकसबी ठरवलं होतं, आणि त्यातही त्याच दर्जाच्या पुरुषांपेक्षा त्यांना १५ टक्के कमी मजुरी होती. कव्हरं नाहीत म्हणून गाड्या बाहेर पडेनात आणि कारखाना ठप्प झाला. तीन आठवड्यांनी मंत्री बार्बरा कासल यांनी मध्यस्थी केली, आणि मजुरी पुरुषांच्या ९२ टक्क्यांवर आली. १९७० साली तिथे समान वेतनाचा कायदा झाला. पण शिवणकाम हे कसबाचं काम आहे हे मान्य व्हायला १९८४ साल उजाडलं, आणि त्यासाठी त्या बायकांना पुन्हा संप करावा लागला.

आपल्या देशातही समान मोबदल्याचा कायदा १९७६ साली झाला. तरी निंदणीला बाईला किती आणि फवारणीला गड्याला किती, हे आम्ही तुम्हाला सांगायला नको. "ते जड काम, हे हलकं काम," हे उत्तर आपण कितीदा ऐकलंय. डॅगनमच्या बायकांनाही हेच ऐकवलं होतं. दिवसभर वाकून निंदणाऱ्या बाईच्या कमरेला कुणी विचारत नाही, काम हलकं होतं का म्हणून. मजुरी हातात पडते, पण मनातला हिशोब मिटत नाही. जुन्या अर्थानं बघितलं तर तिला अजून पुरतं ‘पे’ झालेलं नाही.

हे सगळं आम्ही पुढच्या बैठकीत आजींना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "एवढं लांब कशाला गेलात गं? आपल्यात कर्ज फेडतात. नवस फेडतात. आणि लुगडंही फेडतात."

आम्ही एकमेकींकडे बघतच राहिलो. खरंच की! फेडणं म्हणजे सोडणं, गाठ मोकळी करणं. कर्ज ही एक गाठ असते, देणाऱ्याच्याही मनात आणि घेणाऱ्याच्याही. ती सुटली की कर्ज फिटलं. आणि ‘फिटणं’ आपण आणखी कुठे म्हणतो? हौस फिटली, संशय फिटला, डोळ्यांचं पारणं फिटलं. सगळीकडे मन निवतं, तृप्त होतं. जे रोमच्या लोकांनी ‘पाकारे’ म्हणून सांगितलं, तेच आपल्या आयाबायांनी आपल्या भाषेत स्वतःहून सांगून ठेवलंय. आजींना वाचता येत नाही, पण आम्ही शब्दकोशात जे शोधलं ते त्यांच्या बोलण्यातच होतं.

ती बहीण, जी दाराजवळ बसली होती, तिनं परवाच्या बैठकीत गटाचा शेवटचा हप्ता दिला. फोनवर नाही, रोख आणला होता. नोटा मोजून सचिवांच्या हातात दिल्या, पासबुकावर सही घेतली आणि म्हणाली, "फिटलं बाई माझं." मग तिनं पासबुक पिशवीत न ठेवता बराच वेळ हातातच धरून ठेवलं.

तर मैत्रिणींनो, तुमच्या पुढच्या बैठकीत दोन प्रश्न घ्या. आपल्या गटात कुणी भीतीपोटी बाहेर देतंय आणि लाजेपोटी आपल्यापासून तोंड लपवतंय का? आणि गावात बाईच्या कोणत्या कामाला हलकं म्हणून कमी मजुरी मिळते? दोन्हींची उत्तरं नोंदवहीत लिहा. एखादी जण दोन बैठकांना आली नसेल, तर दंड लावण्याआधी तिच्या घरी जाऊन या.